शिडीच्या खुणेचं सामान

घर हलवायला मी कंपनी लावली, तेव्हा आमच्या आळीने मला वेड्यात काढलं. तोंडावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धतच नाही. विहिरीवर बोलायचं, आणि जिच्याविषयी बोलायचं ती घागर घेऊन आली की रहाट जोरात ओढायचा. पण मला कळायचं ते कळत होतं. एकटी बाई, दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड, आणि त्याच्यासाठी मुंबईची कंपनी! एरवी लोक काय करत? एक ट्रंक आणि एक वळकटी घ्यायची, पितळ भावाकडे ठेवायचं, जातं शेजारणीला द्यायचं आणि बोटीत बसायचं. नोकरीसाठी परगावी जाणारी बाई अशी जाते. मी आख्खा संसार घेऊन निघाले होते, आणि संसार दोघांचा असतो, असं विहिरीचं म्हणणं.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली. मी रत्नागिरीत मुलींना शिकवत होते. वऱ्हाडातल्या एका गावी नवी कन्याशाळा निघाली आणि तिथे मला मुख्य बाईंची जागा मिळाली. राहायला घरही द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचं कारण माझे यजमान.

यजमान इथल्या कोर्टात कारकून होते. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी त्यांना आफ्रिकेत मोंबाशाला एका पेढीवर काम मिळालं. मांडवीच्या बंदरावर मी पोचवायला गेले होते. "वर्षभरात तुला तरी नेतो, नाहीतर मी तरी येतो," असं म्हणाले आणि पडावात चढले. आमच्या बंदराला बोट धक्क्याला लागत नाही, लांब समुद्रात उभी राहते. माणसं आणि सामान पडावातून न्यायचं. त्यामुळे माणूस गेलं हे दोनदा बघावं लागतं, एकदा पडाव सुटताना आणि एकदा बोट हलताना. पत्रं आधी नेमाने आली, मग दिवाळीला आली, मग बंद झाली. बरं, काही बरंवाईट झालं म्हणावं तर तेही नाही. राजापूरचे एक गृहस्थ तिकडून परत आले होते, ते मुद्दाम वाट वाकडी करून मला सांगायला आले. "खुशाल आहेत हो. अंगाने चांगले भरलेत." एवढं सांगून त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि जी मान खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही. मीही पुढचं विचारलं नाही. कपाळावर कुंकू लावत राहिले आणि शाळेत जात राहिले.

माहेराहून बोलावणी आली, मी गेले नाही. त्या दोन खोल्या सोडल्या नाहीत, कारण यजमानांना तोच पत्ता ठाऊक होता. दाराला कुलूप दिसलं तर ते आल्या पावली परत जातील, ही एक भीती मनात घर करून बसली होती. शाळेत मुली मला चळाचळा कापत. पण संध्याकाळी दाराची कडी वाजली की मी हातातलं टाकून दाराशी धावे. कडी वाजवणारी बहुतेक वेळा शेजारची मांजर असे.

तेव्हा हे बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे मला पक्कं कळत होतं. ज्या दिवशी सामान दाराबाहेर पडेल त्या दिवशी वाट पाहणं संपलं. आणि म्हणूनच मला ते सामान वाटून टाकायचं नव्हतं. पितळ इकडे, जातं तिकडे केलं की संसार मोडला. मला तो मोडायचा नव्हता, उचलून दुसरीकडे मांडायचा होता, जसाच्या तसा. वाट पाहायची जागा तेवढी बदलते आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. शिकलेली बाई स्वतःला फसवायला लागली की फार व्यवस्थित फसवते.

घरमालकीण काकू पुढच्या अर्ध्या घरात राहत. वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी एका दुपारी उन्हात वाळत घातलेली फणसाची साटं उलटताना विचारलं, "आणि आला तर काय सांगू गो त्याला?"

"कोणाला?" मी म्हटलं.

"कोणाला म्हणजे!"

"काकू, रहाटाचा दोर बदलायला झालाय," मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि साटं उलटत राहिल्या. पुढे कधीतरी मी वऱ्हाडातला पत्ता कागदावर लिहून त्यांच्या फळीवर डब्याखाली ठेवला, पण तो कशासाठी ते बोलले नाही.

कंपनीचं दुकान बंदराच्या रस्त्याला होतं. एजंट मुंबईत राहून आलेला, कोट घालणारा, आणि प्रत्येक वाक्यात कंपनी घालणारा. "तुमच्या दारातून कंपनी उचलणार, तुमच्या दारात कंपनी ठेवणार. मध्ये पडाव, बोट, रेल्वे, गाडी, सगळी कंपनीची रिस्क." सामान बघायला तो घरी आला, तेव्हा दोन्ही खोल्यांतून फिरला आणि म्हणाला, "मालक कुठे असतात?"

"आफ्रिकेत."

"मग सामान आफ्रिकेला?"

"नाही, वऱ्हाडात."

त्याने कोटाची गुंडी काढली आणि परत लावली. "म्हणजे मालक वऱ्हाडात येणार?"

"तुमच्या कंपनीला मालक न्यायचेत की सामान?" मी विचारलं. त्यानंतर तो मालकांच्या वाटेला गेला नाही.

मग खुणेचा प्रश्न आला. बंदरावरच्या हमालांना आणि खलाशांना वाचता येत नसे, म्हणून गोणपाटावर नाव लिहून उपयोग नव्हता. कंपनी प्रत्येक बिऱ्हाडाला एक चित्र देई आणि त्या बिऱ्हाडाच्या प्रत्येक डागावर, म्हणजे बांधलेल्या नगावर, डांबराने ते चित्र काढलं जाई. मासा, चांदणी आणि छत्री त्या आठवड्यात दुसऱ्यांना गेली होती. "तुम्हाला शिडी देतो," एजंट म्हणाला. अशी मी शिडी झाले. नाव नाही, गाव नाही, कोणाची कोण ते नाही. दोन उभ्या रेघा आणि तीन आडव्या. मला ते फार बरं वाटलं, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

बांधाबांध करायला मुकादम आला, बरोबर त्याचे तीन गडी. मुकादम आतल्या गावचा कुणबी, म्हातारा, बारीक, कानाला भिकबाळी. गवताचा पेंढा, सुंभ, गोणपाट आणि माडाची झापं घेऊन ते बसले, आणि माझा संसार दिवसभरात दिसेनासा झाला. त्यांची बांधायची एक रीत होती. भांडी एकत्र, धान्य एकत्र, पण माणसांच्या वस्तू माणसागणिक. एकाचं कापडचोपड दुसऱ्याच्यात मिसळायचं नाही. का, म्हणून विचारलं तर मुकादम म्हणाला, "मानसां येकत्र ऱ्हावतात बाय, पन त्येंचा नशीब येगला आसता."

त्याने कपाट उघडलं आणि एक कोट बाहेर काढला. मग वेताची काठी, एक लोटा, आणि पितळी फुलांचा पाट. "ह्या कुनाचा?"

"त्यांचं," मी म्हटलं.

त्याने कोटाची घडी घातली, पाटावर ठेवली, वर काठी बांधली आणि एक वेगळं गाठोडं केलं. त्यावर शिडी काढली आणि शिडीच्या डोक्यावर एक ठिपका दिला, पुरुषाच्या डागाची ती खूण. कोट मी दर उन्हाळ्यात उन्हात घालत असे. त्याला आता नुसता कपाटाचा वास येत होता, माणसाचा कधीच गेला होता.

वैशाख सरत आला होता. पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी ती एक. ती चुकली असती तर शाळा उघडेपर्यंत मी पोचत नव्हते, आणि सामान तर श्रावणापर्यंत हललं नसतं. सकाळीच दोन गाड्या दाराशी लागल्या. भरतीला पडाव सुटणार होता. एजंट छत्री घेऊन उभा होता, आळीतल्या बायका आपापल्या अंगणात काही ना काही काम काढून उभ्या होत्या, आणि मुकादम पायरीवर बसून राहिला होता.

"उचला की," एजंट म्हणाला.

"नारल आना," मुकादम म्हणाला. "गाऱ्हानं झाल्याबिगर आमी नाय उचलायचं."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. देवापुढे किंवा वास्तूपुढे नारळ ठेवायचा आणि मोठ्याने बोलायचं: आम्ही अमुक करतो आहोत, सांभाळून घे. एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बोलणाऱ्याचं मागणं मग सगळ्यांचं होतं. एजंट चिडला. "कंपनीच्या कामात हे बसत नाही," म्हणाला. मुकादम हललासुद्धा नाही. "कंपनी मुंबयला. वास्तू हितं," म्हणाला.

काकूंनी नारळ आणून दिला. मग खरी अडचण आली. "घरातला बाप्या मानूस बोलवा," मुकादम म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. सगळ्या अंगणांतल्या झाडण्या थांबल्या.

एजंट म्हणाला, मी बोलतो, आटपा. मुकादमाने मान हलवली. "परक्यानं गाऱ्हानं घातलां तं घर परक्यानं नेला, आसा होता. घरच्यानंच बोलाया होवा."

मला राग आला. कोणावर ते आज सांगता येत नाही. मुकादमावर नक्कीच नाही. मी पदर खोचला आणि पायरीवर आले. "मी बोलते," मी म्हटलं.

"अगो, बायका नाही हो गाऱ्हाणं घालत," काकू हळूच म्हणाल्या.

"मग ह्या घरात दुसरं कोण आहे ते सांगा," मी म्हटलं. मुकादमाने जरा विचार केला, डोक्यावरचा पंचा काढून कमरेला बांधला, आणि नारळ माझ्यापुढे जांभ्याच्या पायरीवर ठेवला.

मी शाळेत प्रार्थना सांगते त्या आवाजात सुरुवात केली. दुसरा आवाज मला नव्हताच. "हे वास्तू महाराजा, इतकी वर्षं तुझ्या आसऱ्याला राहिले."

"व्हय म्हाराजा," मुकादम आणि त्याचे गडी म्हणाले. गाडीवानही म्हणाले. त्या आवाजाने मी दचकले. कितीतरी वर्षांत माझ्या बोलण्याला इतक्या माणसांनी हो म्हटलं नव्हतं.

"आज मी हे घर सोडून लांब मुलखात जाते आहे. माझं सामान सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा."

"उचलणाऱ्यांच्या पाठी सांभाळ. पडाव सांभाळ."

"व्हय म्हाराजा." हे जरा जोरात आलं.

इथे थांबले असते तर झालं होतं. पण गाऱ्हाण्यात घरच्या सगळ्यांची आठवण काढायची असते. जो लांब असेल त्याचीही. सगळे थांबून राहिले होते. मी काकूंकडे पाहिलं आणि त्यांचा प्रश्न मला आठवला.

"या घरचं जे माणूस दर्यापार गेलं आहे," मी म्हटलं, "ते कधी या दाराशी आलं, तर त्याला कळू दे की इथे आता कोणी त्याची वाट पाहत नाही. त्याचं जे असेल ते त्याला दे, आणि त्याला सुखरूप जाऊ दे."

गाडीच्या बैलाची घंटा तेवढी वाजली. मग मुकादम एकटा, खाली पाहत म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि मागून बाकीचे म्हणाले. त्याने नारळ फोडला. पाणी पायरीवर सांडलं.

पुढचं सगळं भरभर झालं. मी काकूंच्या देवघरात गेले, पाया पडले, काकूंनी माझी ओटी भरली आणि आम्ही दोघी थोडा वेळ रडलो. बाहेर आले तेव्हा गाड्या भरून निघाल्या होत्या. मी चालत बंदरावर गेले. पडावातून बोटीत चढले, आणि रत्नागिरीचा किल्ला बुटका होत जाईपर्यंत कठड्याला धरून उभी राहिले. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं, की जाणाऱ्यालाही दोनदा जावं लागतं.

वऱ्हाडात मी आधी पोचले, सामान मागून मालगाडीने येणार होतं. तोवर रिकाम्या घरात वळकटीवर झोपत होते. मातीच्या भिंती, धाब्याचं छप्पर, आणि बाहेर पाण्याचा कुठेही आवाज नाही. समुद्राचा आवाज रत्नागिरीत मला कधी ऐकू येत नसे. वऱ्हाडात मात्र तो नसलेला ऐकू यायचा. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, पण माझं बोलणं त्यांना गोड आणि अर्धं कळणारं वाटे. एकीने विचारलं, "घरचे मागून येऊन राहिले का, बाई?" मी म्हटलं, "सामान येतंय." वाट पाहायची सवय होतीच.

सामान आलं. सगळ्या गोण्यांवर शिड्या होत्या. एक कप फुटला नव्हता, एक वाटी चेपली नव्हती. मी एकेक गोण सोडत गेले. भांडी लागली, जातं लागलं, माझा पाट निघाला. ठिपक्याची शिडी मात्र कुठे नव्हती. मी झापं उलटी केली, पेंढा उपसला. पुन्हा सगळं मोजलं. मग त्या पेंढ्यात बसले आणि हमसून हमसून रडले. वाट पाहत नाही म्हणून सगळ्या आळीदेखत सांगितलं होतं, आणि एक जुना कोट आला नाही म्हणून ऊर फुटत होता.

कंपनीला मी फार कडक तक्रार लिहिली. एजंटाचं उत्तर आलं की मुकादमाला विचारलं, तो म्हणतो डाग हरवलेला नाही. बाईंनीच गाऱ्हाण्यात सांगितलं की त्याचं त्याला दे, म्हणून त्याचं, बाई बंदराकडे निघाल्यावर, तिथेच घरमालकिणीच्या हवाली केलं. गाऱ्हाण्यातला शब्द मोडून ते गाठोडं पडावात घालायला एकही गडी तयार नव्हता. बाईंची तशी इच्छा नव्हती, हे कंपनीला कसं कळावं? एजंटाने विनम्रपणे विचारलं होतं की आता पाठवायचं का.

मी तो कागद कितीतरी दिवस जवळ ठेवला. त्या म्हाताऱ्याने माझा शब्द माझ्यापेक्षा जास्त खरा मानला होता. पाठवा म्हणून लिहायला बसले की मला तो पंचा कमरेला बांधताना दिसायचा. मी उत्तर पाठवलं नाही.

चार-पाच उन्हाळे गेले. शाळा वाढली, मीही थोडी पिकले. एका सुटीत मनाचा हिय्या केला आणि रत्नागिरीला गेले. माहेरी जाते असं सांगितलं, पण जात होते गाठोडं आणायला. म्हटलं, आता पुरे झालं. त्यांना यायचं नाही हे ठरलंच आहे, तर कोट माझ्याकडे राहिला म्हणून काय बिघडलं?

काकू थकल्या होत्या. त्यांच्या ओटीच्या पायरीपाशी एक गोणपाट पाय पुसायला टाकलं होतं. त्यावर डांबराची शिडी होती, डोक्यावर ठिपका असलेली.

मी पाय न पुसताच उभी राहिले.

"आला होता गो," काकू म्हणाल्या. "गेल्या मार्गशीर्षात. गुजराथी पेढीच्या कामाला मुंबईस आला होता, म्हणे, तसा इकडे आला. तुझ्या खोल्यांना कुलूप बघितलंन आणि इथे ओटीवर टेकला."

काकूंनी मला खाली बसवलं. काकूच बोलत होत्या. त्यांनी यजमानांना जेवायला वाढलं होतं. गाठोडं सोडून पुढे ठेवलं तेव्हा ते आपल्याच पाटावर बसले. कोट घालून बघितला, तो होईना, तरी घेतला. काठी घेतली, लोटा घेतला. पाट ठेवला. "बोटीत कुठे नेऊ" म्हणाले.

"पत्ता होता ना तुमच्याकडे?" मी विचारलं. "डब्याखाली?"

"होता गो. मनात घोकत बसल्ये होत्ये. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून ताक वाढत राहिल्ये. चार वेळा वाढलं. प्यायला आणि उठला." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "विचारलंन नाही."

पाट त्यांनी आतून आणून दिला. पितळी फुलं काळवंडली होती. तो हातात घेऊन मी मागच्या अंगाला, माझ्या जुन्या दाराशी गेले. खोल्या रिकाम्याच होत्या, कुलूप तेच होतं. जांभ्याची पायरी तीच होती. मी त्या वास्तूकडे जे जे मागितलं होतं ते सगळं तिने दिलं होतं. सामान सुखरूप पोचलं. ते आले, त्यांना कळलं की इथे कोणी नाही, त्यांचं त्यांना मिळालं, आणि ते सुखरूप गेले. एक गोष्ट मागायची तेवढी राहिली होती. त्यांनी माझी चौकशी करावी, एवढं एकच.

ते मी तेव्हा, त्या पायरीवर उभी राहून, हलक्या आवाजात मागितलं. उशीर झाला होता हे कळत होतं, तरी मागितलं. मग सवयीने थोडा वेळ थांबले. व्हय म्हणायला दारात कोणी नव्हतं.